मला नाही आवडला

कालचा सिनेमा मला नाही आवडला.
दोन तास वीस मिनिटं
ती बाई स्वयंपाकघरात उभी राहून दुःख करत होती
आणि ओट्यावर एक खरकटी वाटी नाही.
श्रीरंग म्हणाला, फोटोग्राफी चांगली होती.
सिनेमा पडला की हा फोटोग्राफीवर येतो,
जशी आमटी बिघडली की माझे सासरे
वाटीची कल्हई वाखाणायचे.

बाहेर धूळ उठलेली.
फहाहीलचा समुद्र पाचव्या मजल्यावरून एरवी दिसतो,
आज समोरच्या इमारतीतले वाळत घातलेले झगेही दिसेनात.
खिडकीच्या फटींत ओली फडकी कोंबून
आम्ही शुक्रवार साजरा करतो:
एक सिनेमा, अर्धं भांडण,
मग तो घोरतो आणि मी वाचते.

पुस्तकं मंगाफहून येतात,
धारप वहिनींच्या पॅसेजमधल्या कपाटातून.
दोनशे चौदा आहेत.
प्रत्येक पुस्तक कुणीतरी बॅगेतून
मेतकुटाचा एक डबा मागे ठेवून आणलेलं.
झाकणाच्या आत नियम चिकटवलाय:
पुस्तकात लिहू नये.

आणि तरी एकाने लिहिलंय.
पेन्सिलने, बारीक, ओळीला धरून.
नायक अकरा पानं नदीकाठी फिरतो, तिथे:
‘याला नोकरी नाही का?’
मी हसले, एकटीच, रात्री दीडला.
आई मरते, तिथे फक्त: ‘उगाच.’
यावर माझं त्याच्याशी वाजलं.
उगाच काय? माणसं मरतात.
दोन दिवसांनी ते पान परत वाचलं.
उगाचच होतं.

तेव्हापासून मी पुस्तक उघडते
ते आधी समास बघायला.
तो नसला तर जरा बेचव लागतं.
कवितांना त्याने हात लावलेला नाही,
रहस्यकथेत मात्र चाळिसाव्या पानावरच
खुन्याच्या नावाखाली रेघ. हा निव्वळ दुष्टपणा.
पण एका जाडजूड कोकणी कादंबरीत,
जिच्यावर मी अगदी फिदा झाले होते,
होड्या पौर्णिमेला संध्याकाळी सहाला
भरतीवर निघतात, तिथे त्याने लिहिलंय:
‘सहाला ओहोटी असते.
लेखकाने समुद्र पाहिला नसावा.’

मला राग आला. असा.
हर्णैच्या मामेभावाला फोन लावला.
तो म्हणाला, बरोबर आहे, भरती दुपारी आणि मध्यरात्री,
आणि म्हणाला, तू तिकडे बरी आहेस ना?

वहिनींना विचारलं, कोण हा?
त्यांनी वही काढली. देण्याघेण्याच्या तारखा,
नावं, नावांवर आडव्या रेघा.
त्या वर्षी किती जण गेले, त्या म्हणाल्या,
बंदरातले, रिफायनरीतले, कुणाला आठवड्याची नोटीस.
टगबोटीवर कुणी पेडणेकर होते खरे,
पण ते कधी वाचताना दिसले नाहीत.
चहा घेणार का?

चहा घेतला.
कादंबरी परत करायची तारीख उलटून गेली होती,
दंड शंभर फिल्स, तोही भरला नाही,
पुस्तक पुन्हा माझ्याच नावावर लिहवलं.

आज तिचं शेवटचं पान आलं.
होड्या परततात, सगळं गाव किनाऱ्यावर,
मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा रडले होते.
खाली त्याचं एकच वाक्य:
‘एवढे लोक घ्यायला येत नाहीत.’

घरात पेन्सिल नव्हती.
भुवयांची होती.
तिने, जाड, जरा पसरट अक्षरात
नियम मोडून मी लिहिलं:
मला आवडलं.
भरतीचं तुमचं बरोबर.

श्रीरंग कूस बदलून म्हणाला, संपलं का?
म्हटलं, तू झोप.
तो उठून बसला, रिमोट शोधू लागला,
म्हणाला, मग एखादा हाणामारीचा लाव,
फोटोग्राफी नसली तरी चालेल.